माझ्या पोटातलं पाणी कोण उपसतं?

मित्रांनो, मी एक जुनी होडी आहे. लांबलचक, सडपातळ, वीस वल्ह्यांची. जवळ येऊन बसा, पण कृपा करून माझ्या फळ्यांवर बोटाने टकटक करू नका. टकटक करणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. आधी टकटक करतात, मग डोकं कलतं करून आवाज ऐकतात, मग 'हं' म्हणतात. त्या 'हं'नंतर माझं कधी भलं झालेलं नाही.

माझा स्वभाव संशयी आहे, हे मी कुणापासून लपवत नाही. लाकडाने पाण्यावर डोळे झाकून विश्वास ठेवला तर ते तळाला जातं. आणि माणसं तर पाण्याहून अवघड. पाणी निदान कुठून आत शिरतंय ते कळतं तरी.

नूरविक शहराच्या समोर, सरोवराच्या पलीकडच्या काठावर एक खेडं होतं. त्या खेड्याने मला बांधलं. चर्च होतं अलीकडे, शहरात, आणि मधे रस्ता नव्हता. रविवारी सगळा गाव माझ्यात बसायचा. दर घराने माझ्यासाठी एकेक पाइनचं झाड दिलं होतं, दर घराचं एकेक वल्हं होतं आणि त्या वल्ह्यामागची जागाही त्याच घराची. एखाद्या घरचा माणूस आजारी पडला तर ती जागा रिकामी राहायची. त्या जागेवर कुणी बसायचं नाही आणि "काय झालं हो त्याला?" असं कुणी विचारायचंही नाही. उगाच कशाला कुणाच्या घरात नाक खुपसा! बाकीचे मुकाट्याने जरा जोर लावून ओढायचे. तेव्हा मला ती मोठी शहाणी माणसं वाटायची.

माझ्यातून नवऱ्या गेल्या, तान्ही बाळं गेली, शवपेट्याही गेल्या. परतीच्या वाटेवर मात्र शर्यत लागायची. सरोवरावर चार गावांच्या चार होड्या. प्रवचन ऐकून सगळे गंभीर चेहऱ्याने धक्क्यावर यायचे, टोप्या नीट करायचे, आणि एकदा का वल्ही पाण्याला लागली की धर्म-बिर्म सगळा चर्चमध्येच राहायचा. आम्ही बहुतेक वेळा जिंकायचो. एका रविवारी मात्र मी काही केल्या पुढे सरकेना. गावी पोचल्यावर बघतात तर माझ्या तळाला कुणीतरी ओलं पोतं बांधून ठेवलेलं! प्रार्थना चालू असताना! तेव्हापासून मी धक्क्यावर उभी असताना एक डोळा कायम पाण्याखाली ठेवते.

मग रस्ता झाला, बस आली आणि मी एका कोठारात जाऊन पडले. किती वर्षं ते विचारू नका. कोंबड्या माझ्यात अंडी घालायच्या. मला कुणी वाईट म्हटलं नाही, कुणी चांगलं म्हटलं नाही. माझ्याबद्दल कुणी बोलेचना. सुकलेल्या फळ्यांच्या फटींतून ऊन आत यायचं आणि मी त्या कोंबड्यांकडेही संशयाने बघायचे.

मला तिथून बाहेर काढलं गुनवोरबाईने. ही नूरविकच्या शाळेत पोहायला शिकवायची. अर्ध्या शहराला तिनेच पाण्यात ढकललंय. आवाज असा, की ती काठावरून "पाय हलव!" म्हणाली की सरोवरातली बदकंसुद्धा पाय हलवतात. नोकरी संपल्यावर तिने चारचौघांना जमवलं, मला डांबर फासलं, वल्ही नवी करून घेतली आणि शहराला सांगितलं, "तुमच्याकडे बाहेरून गट येतात ना? ऑफिसवाले, संस्थावाले, शिक्षक? द्या माझ्याकडे. पाहायचंय तर ओढत पाहा."

आणि मित्रांनो, गट आले! आमच्याकडे उन्हाळ्यात सगळे गटानेच हिंडतात. सकाळी लाकडी घरांची जुनी गल्ली, मग मी, मग बेटावर कॉफी आणि वेलदोड्याचे पाव, दुपारी टेकडीवरचा मनोरा, आणि संध्याकाळी धीट असतील ते वाफेच्या स्नानगृहातून थेट थंड पाण्यात. पण दिवसअखेर आठवण काढायचे ती माझीच. कारण मनोऱ्यावर एकटा माणूसही चढू शकतो. मला मात्र वीस जण लागतात, आणि वीसही जण एका वेळी. बँकवाले यायचे, ते एकमेकांच्या वल्ह्यावर वल्हं आपटायचे आणि दर वेळी "माफ करा, माफ करा" म्हणायचे. शिक्षक आले की वीसही जण सूचना द्यायचे. गाण्याचं मंडळ आलं की मात्र असा ताल लागायचा की माझ्या अंगावर काटा यायचा. काही जण फक्त "अय्या, किती सुंदर!" म्हणायचे आणि हात खिशातच ठेवायचे. अशांवर माझी खास नजर असे.

येर्केर त्यातलाच. हा शहराच्या कचेरीत पर्यटन बघतो. चाळिशीचा, गोड बोलणारा, चकचकीत बुटांचा. शहरात येणाऱ्या प्रत्येक गटाला तो माझ्यापर्यंत आणून सोडायचा, हात हलवून निरोप द्यायचा आणि स्वतः धक्क्यावरच थांबायचा. एकदाही माझ्यात बसला नाही. मागच्या हिवाळ्यात हा गृहस्थ एकटाच कोठारात आला. खिशातून टेप काढली. माझी लांबी मोजली, रुंदी मोजली, आणि मग, मित्रांनो, त्याने टकटक केली. आणि म्हणाला, "हं."

माझ्या मनात पाल चुकचुकली. ती खरीच निघाली.

"गुनवोरबाई," काही दिवसांनी तो तिला कोठारातच सांगत होता, "धक्क्यावर पाहुण्यांसाठी नवं दालन बांधतोय आपण. मधोमध उंच छत. तिथे आपली होडी टांगायची. खाली काचेचं झुंबर. पावसातही गट येतील, हिवाळ्यातही येतील. बटण दाबलं की वल्ह्यांचा आवाज!"

"टांगायची?" गुनवोरबाई म्हणाली. "होडी आहे रे ती. वाळवायला घातलेलं मांस नव्हे."

"तिची काळजी घ्यावी असं वाटतं म्हणूनच म्हणतोय. ती गळते, बाई. गेल्या वर्षी शिक्षकांच्या गटाचे बूट भिजले, तक्रार आली होती."

"शिक्षक तक्रार नाही करणार तर कोण करणार?"

"एक दिवस कुणी घसरून पडेल. मग शहराची समिती ती कायमची बंद करेल. त्यापेक्षा छताला बरी की नाही?"

तो हे इतक्या साळसूदपणे बोलत होता की मला आणखीनच संशय आला. शेवटी समितीत ठरलं ते असं. मिडसमरच्या, म्हणजे जूनमधल्या भर उन्हाळ्याच्या सणाआधीच्या शनिवारी पूर्ण गट घेऊन मी बेटाला वळसा घालून यायचं. कुणाचे बूट भिजले नाहीत तर मी पाण्यात. भिजले तर छताला. समितीच्या अध्यक्षीणबाई सिग्रुन स्वतः धक्क्यावर उभ्या राहून बघणार.

आता तुम्हाला माझं एक गुपित सांगते. हिवाळाभर कोठारात मी सुकते, फळ्या आक्रसतात, फटी पडतात. म्हणून दर मे महिन्यात मला बुडवावं लागतं. हो, मुद्दाम! उथळ पाण्यात नेऊन माझ्यात मोठे दगड ठेवायचे आणि मला काठापर्यंत भरू द्यायचं. मी तशीच बसून राहते. लाकूड पाणी पितं, फुगतं, फळीला फळी घट्ट भिडते. मग दगड काढले, पाणी उपसलं की मी तयार. खालच्या फळ्या लवकर भिजतात. खरा वेळ लागतो तो वरच्या दोन फळ्यांना. रिकामी असताना मी वर तरंगते आणि त्या कोरड्या राहतात. वीस जण बसले की मी खाली दबते आणि नेमक्या त्याच पाण्याखाली जातात.

आतापर्यंत हे सगळं काठच्या लव्हाळ्यांच्या दाटीआड व्हायचं, कुणाच्या नजरेला पडायचं नाही. पण त्या जागी आता नवीन इमारती झाल्या. म्हणून यंदा गुनवोरबाईने मला त्या इमारतींसमोरच्या लाकडी धक्क्याला बांधलं, दगड भरले, मी पोटभर पाणी घेऊन बसले. "पी, म्हातारे, पी," असं म्हणून ती सायकलवरून घरी गेली.

दुसऱ्या दिवशी पहाटे एक माणूस आला.

आमच्याकडे त्या दिवसांत तीनलाच उजाडतं. हातात बादली. अंगात बटणं नीट लावलेला स्वेटर. वय सत्तरीच्या पुढे. आधी त्याने धक्क्यावर कोणी आहे का ते पाहिलं. मग मागे वळून इमारतीच्या खिडक्या पाहिल्या. चोर, मी मनात म्हटलं, नक्की चोर! बूट काढून धक्क्यावर जोडीने ठेवले, विजार वर दुमडली, माझ्यात उतरला आणि एकेक दगड उचलून बाहेर ठेवू लागला. मग पाणी उपसायला बसला. खालच्या फळ्या तोवर भिडल्या होत्या, त्यामुळे बाहेरचं पाणी आत येईना. त्याला घाम फुटला, दोनदा खोकला, तरी थांबेना. मी हळूहळू वर आले. सूर्य चढला आणि माझ्या वरच्या फळ्या, ज्यांना भिजायचं होतं त्याच, दिवसभर कडकडीत उन्हात!

संध्याकाळी गुनवोरबाई आली आणि आ वासून उभी राहिली. मी टणटणीत तरंगत होते. दगड धक्क्यावर ओळीने मांडलेले. मोठ्यापासून लहानापर्यंत, उतरत्या क्रमाने.

"दगड असे कोण लावतं?" ती पुटपुटली. "कचेरीतला माणूस लावतो!"

अगदी माझ्या मनातलं बोलली. तिने दगड परत भरले, मला बुडवलं. दुसऱ्या पहाटे तो परत हजर. मला भरलेली पाहून त्याने कपाळावर हात मारला.

"अरेरे," तो हळूच म्हणाला, "एका रात्रीत पुन्हा? काय गं ही तुझी अवस्था."

आणि पुन्हा उपसायला लागला. ढोंगी! मी अंगातल्या होत्या नव्हत्या त्या सगळ्या खिळ्यांनी करकरले. त्याला वाटलं मी कण्हते आहे. तो आणखी जोराने उपसू लागला.

असंच चाललं. ती भरायची, तो उपसायचा. ती संध्याकाळची यायची, तो पहाटेचा. मला सगळं दिसत होतं आणि सांगता काही येत नव्हतं. मित्रांनो, तोंड नसणं म्हणजे काय ते तेव्हा मला कळलं. पण ज्यांना तोंड आहे त्यांनी तरी काय केलं?

गुनवोरबाईने येर्केरला सरळ विचारायला हवं होतं की नाही? पण छे! आमच्या शहरात तसं विचारत नाहीत. एकदा तो धक्क्यावर आला तेव्हा तिने त्याला थर्मासमधून कॉफी दिली, आणि दुसरा कप विचारला नाही. नूरविकमध्ये याहून मोठी शिवी नाही. बिचारा रिकामा कप हातात धरून बराच वेळ उभा होता.

"काही चुकलं का माझं?" शेवटी तो म्हणाला.

"ज्याचं त्याला माहीत," ती म्हणाली.

तो गेल्यावर तिने खांबाला एक चिठ्ठी लावली. मोठ्या सुवाच्य अक्षरांत: 'जे कोणी हे करत आहेत त्यांना नम्र विनंती, कृपया हे थांबवावे. मैत्रीपूर्ण शुभेच्छांसह.' असली चिठ्ठी आमच्याकडे प्रत्येक इमारतीच्या कपडे धुण्याच्या खोलीत लावलेली असते. कोणाला उद्देशून आहे आणि 'हे' म्हणजे काय, ते लिहायचं नाही. लिहिलं तर समोरच्याला वाईट वाटेल ना!

पहाटे त्या माणसाने चष्मा लावून चिठ्ठी वाचली. दोनदा वाचली. मला वाटलं, झालं, पकडला गेला, आता पळेल.

"म्हणजे कुणीतरी मुद्दाम भरतंय तुला!" तो म्हणाला. रागाने त्याचे कान लाल झाले. "काय माणसं असतात!"

त्या दिवशी त्याने बादली बदलली. आधीच्या दुप्पट आकाराची आणली.

मी मात्र अजून फसले नव्हते. एकदा येर्केर सकाळी धक्क्यावरून धावत गेला, व्यायामाला. हा माणूस तेव्हा मोजे घालत होता. दोघांनी एकमेकांकडे पाहून किंचित मान हलवली. बास! मला पुरावा मिळाला. दोघे सामील आहेत. आमच्याकडे अनोळखी माणसं एकमेकांकडे बघून मान हलवत नाहीत. जिना उतरण्याआधीसुद्धा दाराच्या भोकातून बघतात, शेजारी बाहेर असेल तर तो जाईपर्यंत आतच उभी राहतात. आणि हे दोघे मान हलवतात? कुठेतरी पाणी मुरतंय, आणि ते माझ्या फळ्यांत तर मुळीच नाही!

सण जवळ आला. दुकानांत नवे बटाटे आणि हेरिंग मासे आले. माझ्या वरच्या फळ्यांच्या फटीतून अजून बोट जात होतं. गुनवोरबाई एका संध्याकाळी माझ्या काठावर बसली आणि त्या फटीवरून हात फिरवत राहिली. "तुला टांगली तर मी काय करू गं?" ती म्हणाली. तिचा तो दांडगा आवाज कुठे गेला होता कोण जाणे. "मी येऊन बटण दाबायचं का?"

मला पहिल्यांदा खरी भीती वाटली. छताला टांगल्यावर मला पुन्हा कुणी भिजवणार नव्हतं. मी आक्रसत जाणार, तडकत जाणार, आणि खालून माणसं म्हणत राहणार, 'किती छान जपलंय!'

त्यानंतरच्या पहाटे गुनवोरबाई घरी नव्हती. ती धक्क्यालगतच्या, पोहणाऱ्यांनी कपडे बदलायच्या लाकडी खोपटात थर्मास घेऊन दबा धरून बसली होती. तो माणूस आला. बूट जोडीने ठेवले. पहिला दगड उचलला.

"पाय हलवायचा नाही!" गुनवोरबाई गरजली.

तो जागच्या जागी थिजला. दगड हातातच.

"कोण आहात तुम्ही?"

"हेल्गे," तो म्हणाला. "या समोरच्या इमारतीत वरच्या मजल्यावर राहतो. माफ करा. मला कुणाला त्रास द्यायचा नव्हता."

"त्रास? येर्केरने पाठवलं तुम्हाला?"

"कोण येर्केर?"

"उगाच वेड पांघरू नका! चकचकीत बुटांचा! कचेरीतला!"

"मी इथे कुणालाच ओळखत नाही हो," तो म्हणाला. "हिवाळ्यात आलो राहायला, उत्तरेकडून. एक जण सकाळी पळतो, त्याला मान हलवतो कधीकधी. एवढंच."

"मग माझी होडी का उपसता रोज?"

त्याने दगड हळूच खाली ठेवला. "बुडत होती म्हणून."

"बुडत नव्हती! भिजत होती! लाकूड फुगावं म्हणून मीच बुडवली होती. महिनाभर मी भरतेय आणि तुम्ही उपसताय!"

हेल्गेने माझ्याकडे पाहिलं. मग धक्क्यावरच्या दगडाकडे. मग खांबावरच्या चिठ्ठीकडे. त्याचा चेहरा पांढरा पडला.

"म्हणजे ती विनंती मला होती?"

"तुम्हालाच!"

"मला वाटलं कुणी गुंड पोरं पाणी भरतात." तो धक्क्यावर मटकन बसला. "मला वाटलं हिचा मालक आजारी असेल. येऊ शकत नसेल. माझी बायको आजारी होती ना, त्या हिवाळ्यात आमच्या दारातला बर्फ रोज कुणीतरी काढून ठेवायचं. मी उठायच्या आत. कोण ते कधी कळलं नाही, आम्हीही विचारलं नाही. बायको खिडकीतून बघून म्हणायची, आज पण कुणीतरी येऊन गेलं हं. तेवढाच तिला आधार." त्याने समोरचा दगड जरा सरळ केला. "मला वाटलं, असंच करायचं असतं. न सांगता."

गुनवोरबाई त्याच्याशेजारी बसली. मग तिने थर्मास उघडला आणि झाकणात कॉफी ओतून त्याच्यापुढे धरली.

"विचारायला काय झालं होतं हो तुम्हाला?" ती म्हणाली, पण आता आवाज खाली आला होता.

"तुम्ही तरी कुठे विचारलंत?" हेल्गे म्हणाला.

ती खो खो हसली. इतक्या मोठ्याने, की वरच्या दोन खिडक्यांचे पडदे हलले. मला हसू आलं नाही. माझा अजून त्याच्यावर भरवसा नव्हता. पण त्याच पहाटेपासून तो त्याच दुप्पट बादलीने मला भरू लागला. वरच्या फळ्यांवर ओल्या गोधड्या टाकू लागला. दुपारच्या उन्हातही येऊन त्या पुन्हा भिजवू लागला. चोर एवढं करत नाही, इतपत मी मान्य केलं.

"सिग्रुनकडून एक आठवडा मागून घेऊ या," शनिवारची अट कळल्यावर हेल्गे म्हणाला होता.

"या शहरात एकदा तारीख ठरली की ती आकाश कोसळलं तरी हलत नाही," गुनवोरबाई म्हणाली. तिने विचारून पाहिलंच. तारीख हलली नाही.

शनिवार उजाडला. त्या दिवशी आलेला गट होता दुसऱ्या शहरातल्या निवृत्त पोस्टमनांचा. पायाला भक्कम, बोलायला कमी. पण माझ्यात बसायला लागले आणि एकाची पाठ धरली. तो धक्क्यावर आडवाच झाला. वल्ही वीस, माणसं एकोणीस. वीसही वल्ही चालायला हवीत, हे तर आधीच ठरलेलं. नेहमीसारखे सगळे आपापल्या बुटांकडे बघत उभे.

"मी बसतो," हेल्गे म्हणाला.

"तुम्ही मला उपसायला हवे आहात," गुनवोरबाई म्हणाली. मग ती वळली. "येर्केर! ये खाली!"

"मी? मला फोटो काढायचेत."

"फोटो राहू देत. तू आतापर्यंत सगळ्या जगाला माझ्या होडीत बसवलंस. आज तू बस."

आता मात्र माझा जीव टांगणीला लागला. ज्याला मला छताला लावायचंय तोच माणूस माझ्यात! वल्हं मुद्दाम चुकीचं टाकेल, मला एका अंगाला झुकवेल, पाणी आत घेईल. मी डोळ्यात तेल घालून त्याच्या हातांकडे बघत होते.

आम्ही निघालो. पोस्टमन मंडळी चालायला पक्की, तशीच ओढायलाही. "ओढा! सोडा! ओढा!" गुनवोरबाई सुकाणूपाशी उभी राहून ओरडत होती. मी दबले, वरच्या फळ्या पाण्याखाली गेल्या आणि एका फटीतून बारीक धार आत आली. ती फट नेमकी येर्केरच्या जागेपाशी. हेल्गे मधे गुडघ्यांवर बसून उपसत होता, न थांबता, न बोलता. येर्केरने ती धार पाहिली. मी त्याला बघताना पाहिलं. तो काही बोलला नाही. वल्हं ओढत राहिला. आधी त्याचा ताल चुकत होता, पुढच्या म्हाताऱ्याच्या पाठीत वल्हं लागलं. "माफ करा!" "बोलू नकोस, ओढ!" म्हातारा म्हणाला. बेटाच्या मागे आलो तेव्हा वारा समोरून होता. येर्केरचा चेहरा लालबुंद, केस कपाळाला चिकटलेले. आणि तेवढ्यात वीसही वल्ही एकदम पाण्यात गेली. एकदम बाहेर आली. पुन्हा एकदम गेली. मी अशी सुटले, अशी सुटले मित्रांनो, की चर्चहून परततानाचे ते रविवार अंगात आले. येर्केरच्या तोंडून एक विचित्र आवाज निघाला. तो हसत होता.

धक्क्याला लागलो. अध्यक्षीणबाई सिग्रुन पुढे आल्या. कडक बाई, कडक इस्त्री.

"कुणाचे बूट भिजले का?" त्यांनी विचारलं.

हेल्गे गुडघ्यापर्यंत भिजला होता, पण अनवाणीच होता. पोस्टमनांनी खाली पाहिलं. कोरडे. एक म्हणाला, "नाही." दुसरा म्हणाला, "आमचे नाही." मग सगळ्यांच्या नजरा हळूच येर्केरच्या पायांकडे गेल्या आणि पटकन दुसरीकडे वळल्या. त्याच्या त्या चकचकीत बुटांतून पाणी गळत होतं. त्याने पाय बाकाखाली सरकवले असते तर सिग्रुनबाईंना दिसलंही नसतं. आणि कुणी काही बोललं नसतं. आमच्याकडे बोलत नाहीत.

गुनवोरबाईने डोळे मिटून घेतले. मला वाटलं, संपलं. हा बोलला तर मी छताला, आणि न बोलला तर आयुष्यभर उपकार दाखवत फिरेल.

"माझे भिजले," येर्केर मोठ्याने म्हणाला. उभा राहून म्हणाला. "अगदी मोज्यांपर्यंत. ठरल्याप्रमाणे होडी दालनात जायला हवी. पण तो ठराव मी मांडला होता, आणि आज मी तो मागे घेतो. इथे इतकी वर्षं गट आणून सोडले, आज पहिल्यांदा बसलो. माझे हात भरून आलेत, पाठ गेली आहे, आणि मला पुन्हा जायचंय. छताला टांगली तर कुणाची पाठ जाईल, सांगा? दालनात दुसरं काहीही टांगा. मी सगळ्यांदेखत सांगतोय, माझं चुकलं."

सिग्रुनबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तिला आणखी एक आठवडा भिजू द्या," त्या म्हणाल्या. "आणि पुढच्या वेळी वेळ कमी पडत असेल तर मला नीट कारण सांगत चला. मला नुसतंच 'जमेल का' असं विचारलं होतं."

गुनवोरबाई धक्क्यावर बसून ढसाढसा रडली. आमच्या शहरात सगळ्यांदेखत कुणी रडत नाही. हेल्गेला काय करावं कळेना, म्हणून त्याने रिकामी बादली तिच्या हातात दिली. ती रडता रडता हसायला लागली.

येर्केर आता दर बुधवारी वल्हं ओढायला येतो. त्यात त्याचा काय डाव आहे हे मला अजून सापडलेलं नाही. सापडला की सांगेन.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. जुन्या वस्तूंची काळजी घ्या, पण त्यांना टांगून, झाकून, मुक्याने घेऊ नका. त्यांना वापरा, त्यांच्यामुळे तुमचे हात दुखू द्या. आणि कुणाची एखादी गोष्ट बुडताना दिसली तर बादली जरूर आणा, पण आधी मालकाचं दार वाजवा आणि तोंड उघडा. मला तोंड नव्हतं, माझा नाइलाज होता. नूरविकच्या सगळ्या माणसांना तोंड होतं, आणि तरी सगळी मला मरेपर्यंत जपायला निघाली होती.